पाहुण्या संघाचे घरमालक

आमचे घरमालक कधीच जिंकणाऱ्याच्या बाजूने नसत, हे न्यूझीलंडमधल्या अप्पर हट या गावच्या सगळ्या मराठी मंडळींना माहीत होतं. ते हरणाऱ्याच्याही बाजूने नसत, हे मात्र फक्त मला आणि त्यांच्या बायकोला माहीत होतं. लोक त्यांना हळवा माणूस समजत, दुबळ्यांचा कैवारी वगैरे. तसं काही नव्हतं. त्यांचं गणित वेगळंच होतं. मैदानावर ज्याच्यासाठी ओरडायला कुणीही आलेलं नाही, तो त्यांचा. मग तो जिंको, हरो, नाहीतर पहिल्याच मिनिटाला पाय मुरगळून बाहेर जावो.

दोन हजार चार-पाचचा तो काळ. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या घरामागच्या सुट्या खोलीत राहू लागलो. इकडे त्या खोलीला स्लीपआउट म्हणतात. हिवाळ्यात तिच्या भिंतींना पाणी सुटायचं आणि सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जाताना माझ्या कोटाला बुरशीचा वास यायचा. दरीत धुकं बसलं की दुपारपर्यंत उठायचं नाही. त्या घराशी माझं जे नातं जमलं ते त्या थंडीमुळेच. संध्याकाळी ऊब फक्त त्यांच्या हॉलमध्ये असायची, त्यामुळे मी तिथेच पडलेला असे. त्यांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. मुलगी सुजाता तेव्हा चौदा वर्षांची होती आणि मला दादा म्हणायची. तेवढा एक शब्द मराठी, बाकी सगळं इंग्रजी.

काका मराठवाड्यातले. विजेचे इंजिनिअर, सबस्टेशनची ड्रॉइंग्ज तपासायचं काम करायचे. उंच, काटक, आणि बोलण्यात इतके सावकाश की समोरचा माणूस त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा व्हायचा. हॉलमध्ये एका कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याशेजारी भिंतभर जगाचा नकाशा. त्या नकाशावर पॅसिफिक महासागरातली ठिपक्याएवढी बेटं त्यांनी लाल पेनाने गोल करून ठेवली होती. मला आधी वाटलं, तिकडे कुठे यांनी कामं केली असतील.

मग एका संध्याकाळी त्यांनी मला रग्बी बघायला बोलावलं. इथला काळ्या जर्सीचा संघ म्हणजे देवच, आणि समोर कुठला तरी लहानसा देश होता. पाहुण्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि काका सोफ्यावरून उठून ताठ उभे राहिले. मीही उठलो. हातात पोह्यांची बशी होती, ती कुठे ठेवावी कळेना, तशीच धरून सावधान. पुढे तासभर त्या पाहुण्यांची जी धुलाई झाली ती सांगण्यात अर्थ नाही. मध्येच त्यांना एक पेनल्टी मिळाली, तीन गुण झाले, आणि काकांनी अशा टाळ्या वाजवल्या की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. सुजाता पाणी प्यायला आली होती. ती म्हणाली, डॅड, दे आर लूझिंग बाय हीप्स. काकांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या पोरांनी घरी परत जाऊन काय सांगायचं? एवढ्या लांब गेलो आणि आमच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही?

हे वेड टीव्हीपुरतं नव्हतं. वेलिंग्टनला, हटमध्ये, कधी तर थेट ख्राइस्टचर्चला कसलीही आंतरराष्ट्रीय स्पर्धा असली की हे निघाले. हॉकी, नेटबॉल, पोहणं, ज्यात त्यांना ओ की ठो कळत नाही ते लॉन बोलिंगसुद्धा. जाण्याआधी त्यांची तयारी एखाद्या विद्यार्थ्यासारखी चालायची. पाहुण्या खेळाडूंची नावं शोधायची, ती नावं नीट म्हणता यावीत म्हणून ऑफिसातल्या सामोअन सहकाऱ्याला गाठायचं, टॅक्सीवाल्यांना विचारायचं, एकदा तर त्यांनी कुठल्याशा दूतावासात फोन करून "शाब्बास" ला तुमच्याकडे काय म्हणतात ते विचारलं होतं. तिकडच्या बाईंनी तीनदा विचारलं म्हणे, व्हिसा हवाय का? यांचं आपलं एकच, नाही, मला ओरडायचंय.

मैदानावर त्यांची जागा ठरलेली. स्टँडमध्ये बसायचं नाही, पलीकडे, जिथे कुणीच उभं राहत नाही तिथे जायचं. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली, एका हातात थालीपिठांचा डबा. तिथे वाऱ्यात उभं राहून हा सावकाश बोलणारा माणूस असा काही ओरडायचा की ऐकणाऱ्याला खरं वाटू नये. नुसतं "कम ऑन" नाही. नाव घेऊन. पूर्ण नाव, आडनावासकट.

बांगलादेशचा क्रिकेट संघ आला होता तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. कामाचा दिवस, हिरवळीच्या उतारावर चार म्हातारे आणि सीगल पक्षी. सीमेजवळ उभा असलेला कोवळा क्षेत्ररक्षक दर षटकाला स्वतःचं नाव ऐकून बावरायचा. शेवटी दोरीपाशी येऊन त्याने विचारलं, चाचा, आपण आमच्याकडचे का? काकांनी सांगितलं, नाही, पण आज तुमच्याकडचं दुसरं कुणी आलेलं नाही. तो पोरगा क्षणभर बघत राहिला आणि मग त्याने चक्क वाकून नमस्कार केला.  परतताना ट्रेनमध्ये काकांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न निर्विघ्न पार पडलेल्या बापाचं समाधान.

आणि भारताचा संघ आला तेव्हा हा गृहस्थ घरी. आमची मराठी मंडळी ढोल, तिरंगा, तोंडाला रंग, सगळा जामानिमा घेऊन निघाली, आणि काका अंगणात गवत कापत होते. मंडळींनी त्यांना आधीच "विरोधी पक्षनेते" अशी पदवी दिली होती. त्या दिवशी मात्र एकाचं डोकं फिरलं. इथलं मीठ खाता तर इथल्यांसाठी ओरडा, नाहीतर आपल्या देशासाठी ओरडा, हे मधलंच काय काढलंय? काकांनी मशीन बंद करून शांतपणे सांगितलं की दोन्ही मांडवांत पंगती बसल्यात, तिथे माझ्यावाचून कुणाचं अडलंय. आणि मशीन परत सुरू केलं. काकू मागे पुटपुटल्या, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. काकूंचा स्वर चेष्टेचा नव्हता, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही पन्हळीत अडकलेली पानं काढत होतो, ते शिडीवर, मी खाली बादली धरून. मी सहज विचारलं होतं, शाळेत तुम्ही काही खेळायचात का?

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत ते पंधराशे मीटर पळाले होते. गावाबाहेरच्या वस्तीतलं पोर, अनवाणी, मास्तरांनी नाइलाजाने नाव घातलेलं. "मी पहिला आलो," ते म्हणाले. "रेषा ओलांडली आणि पळतच राहिलो. कुणी टाळी वाजवली नाही ना. मला वाटलं, अजून एक फेरी राहिलीय."

त्यांनी ती जास्तीची फेरी पूर्ण केली. अख्खी. गावोगावची माणसं बसली होती, शिक्षक होते, सरपंच होते. आमच्या वस्तीतल्या पोरासाठी टाळी वाजवायची नाही असं काही कुणी ठरवलं नव्हतं, असं काका म्हणाले, ठरवावं लागत नाही. फेरी संपवून ते परत रेषेवर आले तेव्हा मात्र लोक हसले. ते हसणं म्हणे चांगलं मोठं होतं.

मी खाली बादली धरून उभा होतो.  त्यांनी पानांचा एक ओला गोळा बादलीत टाकला आणि म्हणाले, शिडी जरा डावीकडे घे.

आता सुजाताबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यावाचून हे चित्र म्हणजे नुसती गंमत होईल. ती पळायची. कुणी शिकवलं नव्हतं, पोर नदीकाठच्या वाटेवर पळायला लागली आणि पळतच सुटली. शाळेत पहिली, मग सगळ्या हट व्हॅलीत पहिली, मग प्रशिक्षक मिळाला. काका तिच्यासाठी काय करत नव्हते? पहाटे काचेवरचं गोठलेलं दव खरवडून गाडी सुरू करायचे, तिला ट्रॅकवर सोडायचे, ती पळेपर्यंत गाडीत बसून ड्रॉइंग्ज तपासायचे. तिचे बूट रात्री हीटरसमोर वाळत घालायचे. पोटरी आखडली तर तेल चोळून द्यायचे. एवढं सगळं करायचे, फक्त शर्यतीच्या वेळी तिच्यासाठी ओरडायचे नाहीत. तिच्या प्रत्येक शर्यतीला ते हजर असत, पलीकडच्या वळणावर, आणि धापा टाकत शेवटी येणाऱ्या कुणा परक्या पोरीचं नाव घेऊन ओरडत असत.

लहान होती तोवर सुजाता यावर हसायची. सोळाव्या वर्षी हसेनाशी झाली. एकदा माझ्या खोलीच्या पायरीवर बसून बुटाचे बंद सोडताना म्हणाली, दादा, यू नो, ही नोज एव्हरीवन्स नेम. आणि उठून गेली.

काकूंनी हा विषय अनेकदा काढला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलायत तुम्ही, असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या. काकांचं उत्तर ठरलेलं. तिच्यामागे अख्खी शाळा आहे, तिला आवाज कमी पडतो का? काकू म्हणायच्या, पोरीला शाळेचा आवाज नकोय, बापाचा हवाय. यावर काका खरोखरच गोंधळून बघायचे. "मी तर घरीच आहे की," ते म्हणायचे. त्यांना ते पटत नव्हतं असं नाही, ते त्यांना समजतच नव्हतं. ज्याला एकदाही टाळी मिळाली नाही त्याला वाटतं, टाळी ही टाळी असते, कुणीही वाजवली तरी सारखीच.

सतरा पूर्ण व्हायच्या आत तिची न्यूझीलंडच्या तरुण संघात निवड झाली. पॅसिफिकमधल्या देशांची स्पर्धा होती, आणि वेलिंग्टनलाच. काळी बनियन, छातीवर देशाचं चिन्ह, रुपेरी नेच्याचं पान. ती बनियन घालून ती हॉलमध्ये आली तेव्हा काकूंनी तिची दृष्ट काढली. सुजाताने काकांकडे बघून विचारलं, डॅड, यू कमिंग? काका म्हणाले, म्हणजे काय. तिने पुढचं विचारलं नाही. आदल्या आठवड्यात काकांना सॉलोमन बेटांवरच्या रूथ नावाच्या मुलीबद्दल कळलं होतं, ती आणि तिचा प्रशिक्षक असे दोघंच आले होते. सुजाताला ते माहीत होतं. जेवताना त्यांनीच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

त्या दिवशी दक्षिणेचा बर्फगार वारा आणि आडवा पाऊस. मी काकूंबरोबर स्टँडमध्ये होतो. तीन हजार मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. काळ्या बनियनमधल्या तीन मुली होत्या आणि सुजाता पहिल्या दोन फेऱ्या तिसऱ्या नंबरावर पळत होती, अगदी सहज. रूथ सर्वांत मागे, एकटी. पलीकडच्या वळणावर पिवळा ठिपका दिसत होता आणि वारा पडला की त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. रूथ. रूथचं आडनाव. तिच्या भाषेतलं काहीतरी.

तिसऱ्या फेरीत त्या वळणावरून जाताना सुजाताने मान वळवली. मग ती पाचवी झाली. मग सातवी. स्टँडमधले लोक हळहळले, तिचं नाव घेऊन ओरडू लागले. मी म्हटलं, पोटात कळ आली असेल. काकू थर्मास मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दमलेली नाहीये ती. मुद्दाम मागे राहतेय."

"कशाला?"

"शेवटच्याला तरी हाक मारतील म्हणून."

मला उठून पलीकडे पळत जावंसं वाटलं, पण मध्ये सगळं मैदान होतं आणि शर्यत चालू होती. सहाव्या फेरीत ती आणि रूथ बरोबरीने त्या वळणावर आल्या. सुजाता जवळजवळ चालत होती. रूथने तिला मागे टाकलं, आणि पलीकडचा पिवळा रेनकोट दोन्ही हात वर करून उडी मारताना आम्ही बघितला. स्पर्धेतला तो त्यांचा सर्वांत मोठा आनंद होता. त्यांच्या पोरीने कुणाला तरी गाठलं होतं.

मग सुजाता त्यांच्या समोरून गेली, एकटी, सगळ्यांच्या मागे. हात हळूहळू खाली आले. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. आवाज बंद झाला एवढं मात्र कळलं. शेवटची दीड फेरी ते नुसते उभे होते आणि ती पळत होती. इथले लोक चांगले, शेवटी येणाऱ्यासाठी उठून टाळ्या वाजवतात. अख्खं स्टँड तिच्यासाठी उभं राहिलं. गुड ऑन यू, लव्ह, असं माझ्यामागची म्हातारी रडत ओरडत होती.

शर्यतीनंतर रूथ ओली चिंब होऊन काकांना शोधत आली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की या देशात माझं नाव माहीत असलेले तुम्ही एकटेच. ती खरंच आनंदली होती आणि तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. काका हात तिच्या हातात देऊन लाकडासारखे उभे होते. पाच पावलांवर सुजाता बाकावर बसून बॅग भरत होती.

गाडीत ती मागे बसली. हट नदीच्या कडेने गाडी चालली होती, वायपरचा आवाज तेवढा. मग ती बोलली, आणि मराठीत बोलली. इतक्या वर्षांत तिचं एवढं लांब मराठी वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही मला ओळखलं नाही?"

काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "काळी बनियन दिसली," ते म्हणाले. "दुसरी कुणी असेल वाटलं. तू पुढेच आहेस असं मी धरून चाललो होतो."



सुजाता पुन्हा पळाली नाही. प्रशिक्षक दोनदा घरी आला, तिने त्याला चहा करून दिला आणि स्वीट अ‍ॅज, आय्म गुड, म्हणजे माझं छान चाललंय, असं म्हणून वाटेला लावलं. काकांशी भांडण नाही, अबोला नाही. त्यांनी विचारलं की उत्तर द्यायची, पण इंग्रजीत आणि तेवढ्यापुरतं. काका मात्र पहाटे उठत राहिले. काचेवरचं दव खरवडायचं, गाडी सुरू करायची, आणि आत बसून राहायचं. माझ्या खोलीतून मला इंजिनचा आवाज ऐकू यायचा. ती येत नाही हे पक्कं झालं की इंजिन बंद व्हायचं. मला त्यांचा फार राग आला होता. अजूनही येतो. त्या जास्तीच्या फेरीबद्दल मला सांगितलं, तिला का नाही सांगितलं? हे मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, तिला कशाला, तिचं सगळं चांगलं चाललेलं होतं.

मैदानं त्यांनी सोडली. टीव्हीवर सामना लागला तर बघायचे, आवाज बंद करून.

पुढे मी ऑकलंडला हेन्डरसनमध्ये राहायला गेलो, सुजाता शिकायला दक्षिणेला डनीडिनला. दशक संपता संपता काकूंचा फोन आला की तिला पदवी मिळतेय, तू ये, यांच्याबरोबर कुणीतरी हवं. मी गेलो. काका वाळले होते. सूट खांद्यावरून उतरत होता. सभागृह गच्च भरलेलं. इथल्या पदवीदानात एकेकाचं नाव पुकारतात आणि घरचे लोक मनसोक्त ओरडतात. कुणी शिट्ट्या मारतात, एका माओरी मुलासाठी त्याच्या सगळ्या कुटुंबाने उभं राहून हाका हे पाय आपटत, आरोळ्या देत करायचं त्यांचं नृत्य केलं. काका दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नाव म्हणून बघत होते. स्वतःच्या मुलीचं नाव.

तिचं नाव पुकारलं गेलं आणि ते उभे राहिले. मी तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता, पण असा कधी नाही. सुजाता. आडनावासकट. पुन्हा, आणि पुन्हा. पुढच्या मुलाचं नाव पुकारून झालं तरी थांबेनात. लोक वळून बघू लागले, काकूंनी त्यांचा कोट धरून ओढला. व्यासपीठावर सुजाताने हात मिळवला, कागद घेतला, आणि त्याच चालीने दुसऱ्या बाजूने उतरली. वर बघितलं नाही.

बाहेर ऊन होतं, पण बोचरं. ती काळ्या झग्यात आमच्याकडे आली, काकूंच्या पाया पडली, काकांच्या पडली. फोटो झाले. मला राहवलं नाही. बाजूला घेऊन मी तिला म्हटलं, काका ओरडले, ऐकलंस ना?

"येस, हर्ड हिम," ती म्हणाली. मग टोपी काढून केस सारखे केले आणि मराठीत म्हणाली, "ऐकलं रे दादा. पण इथे काय, नुसतं चालतच तर जायचं होतं."

काका मागेच येऊन उभे राहिले होते. त्यांचा घसा पार बसला होता, त्यामुळे त्यांनी काही बोलायचा प्रश्नच नव्हता.